ऑक्सफर्ड ते हेन्ली : थेम्सच्या काठाने, सावकाश

लंडनमध्ये पर्यटकांना दिसते ती थेम्स भरती-ओहोटीची नदी आहे. भरतीचा जोर टेडिंग्टनच्या लॉकपर्यंत, म्हणजे नावांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदापर्यंत, चढतो. त्याच्या वर मात्र ती निव्वळ गोड्या पाण्याची, हिरव्या काठांची आणि संथ चालीची नदी होते. या वरच्या थेम्सवर लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत ४४ लॉक आहेत, आणि त्यांच्या बाजूने, केम्बलजवळच्या उगमापासून लंडनपर्यंत, सुमारे ३०० किलोमीटरची 'थेम्स पाथ' ही पायवाट जाते. १९९६ पासून तिला राष्ट्रीय पदभ्रमण मार्गाचा दर्जा आहे. मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघींनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिचा ऑक्सफर्ड ते हेन्ली हा मधला भाग निवडला. रोज थोडे चालायचे, नदीकाठच्या गावात मुक्काम करायचा, पाय थकले तर बोट किंवा रेल्वे घ्यायची आणि कोठेही घाई करायची नाही, एवढेच आधी ठरवले होते. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा तेथे सहज मिळतात, त्यामुळे पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ एवढेच ओझे होते.

शनिवार : ऑक्सफर्ड आणि पोर्ट मेडो

दुपारी ऑक्सफर्डला पोहोचलो, खोलीत सामान टाकले आणि संध्याकाळी शहराच्या वायव्येला असलेल्या पोर्ट मेडोवर गेलो. हे नदीकाठचे विस्तीर्ण गायरान आहे. अकराव्या शतकातल्या डोम्सडे या जमीनमोजणीच्या दप्तरात त्याची नोंद आहे, त्यावर कधी नांगर चाललेला नाही असे मानले जाते, आणि तेथे गुरे चारण्याचा ऑक्सफर्डच्या फ्रीमेन (जुने नागरी हक्क असलेल्या) मंडळींचा व वुल्व्हरकोटच्या ग्रामस्थांचा हक्क आजही चालू आहे. विद्यापीठाच्या शिखरांपासून चालत अर्ध्या तासावर, पोटापर्यंत पाण्यात उभे राहून शेपट्या हलवणारे घोडे पाहायला मिळतील, अशी आमची मुळीच कल्पना नव्हती. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. गॉडस्टो येथील मध्ययुगीन जोगिणींच्या मठाचे अवशेष पाहून परतलो, तेव्हा घड्याळात दहा वाजत आले होते आणि तरीही पायवाट नीट दिसत होती.

या सुंदर दृश्यामागे एक दुखणेही आहे. जोराचा पाऊस झाला की प्रक्रिया न केलेले सांडपाणी इंग्लंडच्या नद्यांमध्ये सोडले जाते आणि त्याविरुद्ध नदीकाठचे लोक कित्येक वर्षे आवाज उठवत आहेत. गायरानाला लागून वाहणाऱ्या वुल्व्हरकोटच्या प्रवाहाला २०२२ मध्ये अधिकृत स्नानस्थळाचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला की पाण्याची नियमित तपासणी बंधनकारक होते, आणि त्या तपासणीत पाणी 'निकृष्ट' ठरले. हा निकाल कोणी दडवला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटले. पोहण्याची इच्छा असणाऱ्यांनी पावसानंतरचे निदान दोन दिवस तरी पाण्यात उतरू नये.

रविवार : बोटीने अ‍ॅबिंग्डन

ऑक्सफर्डच्या फॉली ब्रिजवरून १८५८ पासून चालू असलेल्या सॉल्टर्स कंपनीच्या बोटी सुटतात. अ‍ॅबिंग्डनपर्यंतच्या प्रवासाला साधारण दोन तास लागतात. वाटेत डाव्या हाताला महाविद्यालयांची नौकागृहे, उजवीकडे पायवाट, आणि काठावर ओळीने वडाच्या पारंब्यांसारख्या फांद्या पाण्यात सोडून उभे असलेले विलोचे वृक्ष. या नदीवर बोटींना ताशी आठ किलोमीटरची वेगमर्यादा आहे, त्यामुळे काठावरून झपाझप चालणारा माणूस बराच वेळ बोटीच्या बरोबरीने दिसत राहतो.

आयफ्ली येथे पहिले लॉक आले. थेम्सवर दुहेरी दारांची लॉक बांधण्याची सुरुवात १६३० च्या दशकात ज्या ठिकाणांपासून झाली, त्यांपैकी हे एक. त्यापूर्वी बंधाऱ्यातच एक फट ठेवलेली असे. ती उघडली की पाण्याच्या लोंढ्याबरोबर नावा खाली झोकून द्याव्या लागत आणि वर चढताना दोरखंडाने ओढून घ्याव्या लागत. आमची बोट दगडी हौदात शिरली, मागची दारे मिटली आणि निळ्या गणवेशातील लॉककीपर बाईंनी पुढच्या दारांतील झडपा उघडल्या. पाणी कसलाही आवाज न करता उतरू लागले. आधी भिंतीचा कोरडा दगड, मग ओलसर काळा पट्टा, मग शेवाळ आणि त्यात अडकलेले शिंपले असे थर एकामागून एक वर येत गेले, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्याशी असलेली आमची नजर त्यांच्या कंबरेपाशी आली. दोन्हीकडची पातळी एक झाल्यावरच पुढची दारे हलली, कारण त्याआधी ती पाण्याच्या दाबाने हलूच शकत नाहीत. दारांचा कोन प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला ठेवलेला असतो, म्हणून पाणी जितके जोराने रेटते तितकी ती अधिक घट्ट मिटतात.

त्या बाईंशी काठावरून थोडे बोलता आले. पावसाळी दिवसांत प्रवाह वाढला की लॉकवर लाल पाटी लावली जाते; ती दिसली की बोटींनी निघूच नये, असे त्यांनी बजावले. ही माहिती सरकारी संकेतस्थळावरही रोज मिळते. लॉकभोवतीचे गुलाब आणि फुलझाडे कोण सांभाळते, असे बहिणीने विचारले, तेव्हा "आम्हीच, आमची आमच्यात स्पर्धा असते," असे सांगताना त्यांचा चेहरा खुलला.

अ‍ॅबिंग्डनमध्ये उतरल्यावर नदीवरूनच सेंट हेलेन चर्चचा निमुळता मनोरा दिसतो. या चर्चला पाच दालने आहेत आणि त्यामुळे ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त आहे. शेजारी १४४६ मध्ये बांधलेली वृद्धाश्रमाची बैठी घरे असून त्यांत आजही लोक राहतात. बाजारचौकातील सतराव्या शतकातल्या काउंटी हॉलमध्ये संग्रहालय आहे. राजघराण्यात राज्याभिषेक किंवा तसाच मोठा प्रसंग असला की या इमारतीच्या गच्चीवरून खालच्या गर्दीवर गोड पाव उधळले जातात. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकालाही ते उधळले गेले. जुन्या प्रसंगांचे पाव संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत, कडक होऊन लाकडासारखे झालेले, प्रत्येकाखाली त्या त्या प्रसंगाची चिठ्ठी.

शाकाहारी मंडळींसाठी येथे सांगून ठेवते. रविवारच्या 'संडे रोस्ट'मध्ये बहुतेक पबांत दाणे आणि भाज्या घालून भाजलेला नट रोस्ट मिळतो. सोबत भाजलेले बटाटे, गाजर, यॉर्कशायर पुडिंग. फक्त ग्रेव्ही शाकाहारी आहे ना, हे आवर्जून विचारावे. पबांची स्वयंपाकघरे दुपारी अडीच-तीननंतर संध्याकाळी सहापर्यंत बंद असतात आणि रविवारी संध्याकाळी पुष्कळ ठिकाणी उघडतच नाहीत.

सोमवार : पावसातून डॉर्चेस्टर

सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि तो दुपारपर्यंत थांबला नाही. वाट चिखलाची झाली होती, दोन्ही बाजूंना कंबरेएवढे गवत, पांढऱ्या फुलांचे गुच्छ आणि मधूनमधून आग करणारी नेटलची पाने. अर्ध्या विजारी घालून या वाटेने चालू नये.

क्लिफ्टन हॅम्पडेनचा पूल मात्र पावसातच पाहावा. १८६७ मध्ये बांधलेला हा लाल विटांचा, टोकदार कमानींचा पूल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखाटला. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच स्कॉट यांचे. मुंबईत ते कधी आले नाहीत, आराखडे लंडनहूनच पाठवले गेले. फोर्टात ज्या टोकदार कमानींखालून आम्ही विद्यार्थिदशेत ये-जा केली, त्यांची ही छोटी, खेडवळ बहीण ओल्या विटांनी अधिकच लाल दिसत होती. बहीण कठड्याजवळ बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हा माणूस खेड्यातल्या पुलासाठीही हात आखडत नव्हता." जेवणाला ब्रेड, चेडार चीज, लोणचे आणि सफरचंद असा प्लाउमन्स लंच घेतला. लोणचे आंबटगोड आणि काळपट असते. तिखटाची अपेक्षा ठेवू नये.

पूल ओलांडून वाट पलीकडच्या काठाने डेज लॉकपर्यंत जाते. तेथे पुन्हा नदी ओलांडली आणि डॉर्चेस्टरला पोहोचेपर्यंत आकाश उघडले. मुक्कामाच्या घरातील आजींनी आमचे बूट पाहून काही न बोलता वर्तमानपत्रांचा गठ्ठा पुढे केला. बुटांत कागदाचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत ते वाळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यातली हीच युक्ती त्यांच्याही घरात चालते.

मंगळवार : डॉर्चेस्टर, विटेनहॅम क्लम्प्स, वॉलिंगफर्ड

आजचे डॉर्चेस्टर दोन-तीन गल्ल्यांचे गाव आहे, पण सन ६३५ मध्ये येथेच संत बिरिनस यांनी वेसेक्सच्या राजाला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली. येथील मठाच्या चर्चमधील चौदाव्या शतकातली 'जेसी खिडकी' मला साऱ्या प्रवासात सर्वांत लक्षणीय वाटली. येशूचा वंशवृक्ष रंगीत काचेत दाखवलेला अनेक चर्चमध्ये पाहायला मिळतो. येथे मात्र खिडकीचे दगडी गजच फांद्यांच्या रूपात कोरले आहेत. खाली येशूचा पूर्वज जेसी आडवा झोपला आहे, त्याच्या देहातून दगडी खोड निघते आणि फांद्यांच्या सांध्यांवर एकेक पूर्वज उभा आहे. म्हणजे खिडकी पेलणारा दगड आणि कथा सांगणारा दगड एकच.

नंतर नदीपलीकडच्या विटेनहॅम क्लम्प्स या जोडटेकड्यांवर चढलो. एका टेकडीभोवती लोहयुगीन किल्ल्याचा खंदक आहे. चढ अर्ध्या तासाचा आणि सोपा आहे. वरून थेम्सचे मोठे वळण आणि तिला येऊन मिळणारी टेम ही छोटी नदी दिसते. या संगमाच्या वरच्या थेम्सला पूर्वी 'आयसिस' म्हणत, आणि ऑक्सफर्डमध्ये ते नाव अजून रूढ आहे.

शिलिंगफर्डजवळ वाट काही काळ नदी सोडून रस्त्याला लागते. याचे कारण जुने आहे. मालवाहू नावा काठावरून घोड्यांनी ओढल्या जात आणि जेथे जमीनदार आपल्या हद्दीतून वाट देत नसत किंवा काठ सोयीचा नसे, तेथे घोडे नावेतून पलीकडे नेले जात. पार नेणाऱ्या त्या नावा बंद झाल्या, वाट मात्र काठ बदलतच राहिली. म्हणून आजच्या पदयात्रींना वळसा पडतो.

वॉलिंगफर्डजवळच्या विंटरब्रुक येथील घरात रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती १९३४ पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत अधूनमधून राहत असत. गावातील हौशी नाट्यमंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे भूषवले. मराठीत अनुवाद वाचत वाढलेल्या आमच्यासारख्यांना गावातील बाकावर बसलेला त्यांचा ब्राँझचा पुतळा पाहून विशेष आनंद झाला. बाकावर त्यांच्या शेजारी बसता येते. संध्याकाळी पुलाजवळच्या हिरवळीवर मुले पाण्यात डुंबत होती. या ठिकाणालाही २०२४ मध्ये स्नानस्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि ऑक्सफर्डविषयी लिहिलेली सावधगिरी येथेही पाळावी.

बुधवार : चोल्सी, मोल्सफर्डचा पूल, गोरिंग

वॉलिंगफर्डहून शेतांमधल्या वाटेने तासाभरात चोल्सीच्या सेंट मेरी चर्चला पोहोचता येते. चर्चच्या आवाराच्या कोपऱ्यात अगाथा ख्रिस्ती आणि त्यांचे पती, पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन, यांची कबर आहे. भिंतीपलीकडे गव्हाचे शेत आणि त्यापलीकडे रेल्वेमार्ग.

पुढे नदीला येऊन मिळालो, तेव्हा अभियंते ब्रुनेल यांचा मोल्सफर्डचा रेल्वेपूल समोर आला. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी बांधलेला हा चार कमानींचा विटांचा पूल नदीला काटकोनात न छेदता तिरकस ओलांडतो. पायवाट त्याच्या कमानीखालूनच जाते, म्हणून तेथे थांबून वर पाहावे. विटांच्या रांगा सरळ नाहीत. त्या कमानीच्या पोटातून मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे तिरप्या फिरत जातात, कारण तिरकस कमानीचा भार नीट उतरवायचा तर विटांचे थर त्याच दिशेने वळवावे लागतात. मार्ग चौपदरी करताना शेजारी दुसरा पूल जोडला गेला आणि दोहोंमधल्या फटीतून आकाशाची एक पट्टी दिसते. वरून गाडी गेली तेव्हा विटांमधून आलेला घुमारा छातीत जाणवला.

मोल्सफर्डमध्ये पुन्हा थोडा रस्ता लागतो, मग शेवटचा टप्पा नदीच्या अगदी कडेने. गोरिंगपाशी दोन्ही बाजूंच्या खडूच्या टेकड्या नदीला चिकटतात आणि ती त्यांच्या फटीतून जाते. माथ्यावर दुभंगलेल्या शेपटीच्या तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडमधून ही घार नामशेष झाली होती. १९८९ पासून स्पेनमधून पिल्ले आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडली गेली आणि आता येथे मान वर केली की एक तरी दिसतेच.

गुरुवार : काशीनरेशांची विहीर

हा विश्रांतीचा दिवस ठेवला होता, पण गोरिंगहून आठ-दहा किलोमीटरवर टेकडीवरच्या स्टोक रो या खेड्यात जायचे हे आधीपासून मनात होते. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी. ऐन वेळी मिळत नाही.

चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या असल्यामुळे पावसाचे पाणी झिरपून खोल जाते. खाली थेम्स दुथडी वाहत असताना वरच्या खेड्यांत लोक डबक्यातले गढूळ पाणी पुरवून वापरत. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडर्डन रीड हे उत्तर भारतात मोठे अधिकारी होते आणि त्यांनी १८३१ मध्ये आझमगढ येथे विहीर खोदवून दिली होती. आपल्या गावाकडच्या पाणीटंचाईची, घरातले शेवटचे पाणी प्यायल्याबद्दल मार खाणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि स्वखर्चाने स्टोक रो येथे विहीर दिली. ती ३६८ फूट खोल आहे, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या उंचीपेक्षाही थोडी अधिक. आणि ती सगळी माणसांनी हाताने खोदली. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरिया यांच्या वाढदिवशी, ती गावाला खुली झाली. पाणी सर्वांना फुकट होते. राखणदारासाठी शेजारी एक गोल घर बांधले आणि देखभालीच्या खर्चासाठी 'ईश्वरी बाग' नावाची चेरीची बाग लावली.

खेड्याच्या रस्त्यालगत, विटांच्या साध्या घरांमध्ये, तो घुमट एकदम दिसतो. लोखंडी खांब, वर सोनेरी शिखर आणि रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. घुमटाच्या कडेने इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे की भारतातील बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला पाहून स्वतःहून चौकशी केली आणि त्यांच्या आजीने या विहिरीचे पाणी भरले होते, असे सांगितले. "बाकी सगळे दानधर्म इथून तिकडे जात होते, हा एक तिकडून इथे आला," हे त्यांचे वाक्य आम्ही दोघींनी मनात धरून ठेवले. धरणे उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा शहापूर तालुका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या विहिरीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शुक्रवार : गोरिंग ते पँगबोर्न

साडेसहा-सात किलोमीटरचा हा टप्पा आम्ही पाच तासांत केला, यावरून तो किती सुंदर आहे हे कळावे. आधी कुरणे आणि ब्रुनेल यांचा आणखी एक पूल, मग वाट हार्ट्सलॉकच्या जंगलात शिरून वर चढते आणि झाडांच्या फटींतून खाली नदी दिसत राहते. एका कुरणापाशी हंसांची जोडी सात पिल्लांना घेऊन वाटेवरच बसली होती. नराने पंख फुगवले, तेव्हा आम्ही मुकाट्याने लांबचा वळसा घेतला. पिल्ले असताना हंसांच्या जवळ जाणे खरोखर धोक्याचे असते. दरवर्षी जुलैमध्ये राजघराण्याचे आणि दोन जुन्या व्यापारी संघांचे लोक वल्ह्याच्या नावांतून सनबरीपासून अ‍ॅबिंग्डनपर्यंत येतात, हंसांची मोजणी करतात आणि पिल्लांची प्रकृती तपासतात.

व्हिटचर्चहून पँगबोर्नला जाणाऱ्या पुलावर १७९२ पासून पथकर आहे, मात्र पादचाऱ्यांना तो नाही. पँगबोर्नला स्कोन, घट्ट साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा यांसह चहा घेतला. एल्डरफ्लॉवरचे सरबतही याच दिवसांत प्यावे. त्याची पांढरी फुले तेव्हा कुंपणाकुंपणावर फुललेली असतात.

शनिवार : हेन्ली

पँगबोर्नहून रेल्वेने रेडिंग, तेथून ट्वायफर्ड आणि छोट्या फाट्यावरून हेन्ली. येथे रेडिंगला राहणारा आमचा भाचा आणि त्याची बायको तिखटमिठाच्या पुऱ्या व कैरीचे लोणचे घेऊन आली. आठवडाभराच्या चीज-ब्रेडनंतर त्या पुऱ्यांना जी चव आली, ती घरी कधी येत नाही.

हेन्लीचा पूल १७८६ चा. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना शिल्पकार अ‍ॅन सेमूर डेमर यांनी कोरलेले मुखवटे आहेत, प्रवाहाच्या वरच्या बाजूला आयसिस आणि खालच्या बाजूला थेम्स. पुलाखालून दिसणारा नदीचा सरळ भाग म्हणजे १८३९ पासून चालत आलेल्या नौकाशर्यतींचा मार्ग. लांबी २,११२ मीटर, सुरुवात टेंपल आयलंड या बेटापाशी आणि एका वेळी दोनच नावा. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस होणाऱ्या शर्यतींसाठी पाण्यात खांब रोवण्याचे काम चालू होते आणि आठ-आठ वल्हेकरांच्या नावा सरावाला उतरल्या होत्या. भाचा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला आणि तेथील बोट क्लबच्या रेगाटात मुळा-मुठेवर वल्ही मारलेला. कॉक्सच्या, म्हणजे सुकाणू धरून वल्हेकरांना हाका देणाऱ्याच्या, प्रत्येक हाकेचा अर्थ तो आम्हाला समजावून देत होता, आणि एका नावेतील चौथ्या क्रमांकाचा वल्हेकर उशिरा पाण्यात वल्हे घालतो आहे, हे त्याने काठावरून अचूक ओळखले. त्या बेटापर्यंत काठाने चालत जायला अर्धा-पाऊण तास लागतो, वाट सपाट आहे आणि वृद्धांनाही जमण्यासारखी आहे.

शर्यतींच्या दिवसांत येथे खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर फार महाग पडतात, म्हणून जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर निवडावा. लंडनहून एकच दिवस काढता येणार असेल, तर हेन्लीऐवजी पॅडिंग्टनहून गोरिंगला उतरावे, जंगलातल्या वाटेने पँगबोर्नपर्यंत चालावे आणि तेथूनच परतीची गाडी धरावी. दोन्ही स्थानके नदीपासून पाच-दहा मिनिटांवर आहेत.